एकशे अठरांतलं पहिलं

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पार्सल काल दुपारी मिळालं. कागद, दोरी सुस्थितीत. आत निघालं ते असं: स्तोत्रसंग्रह एक, कापडी बांधणीचा, किंमत बावीस. घरगुती औषधांचं एक, किंमत चौदा. काटकसरीने संसार कसा करावा याचं एक, किंमत अठरा. टपालहशील सव्वासहा. एकूण सव्वासाठ खर्चून तू मला कळवलंस की इतक्या वर्षांत तुला तुझी बहीण कळलेली नाही.

रागावू नकोस. म्हणजे रागाव हवं तर, मी रागावलेलीच आहे, जोडीला कुणी असलं तर बरंच. पण मला सांग, स्तोत्रं मला पाठ आहेत हे तुला ठाऊक नाही? लहानपणी मी म्हणायचे आणि तू मागून चुकीची म्हणायचास. जे पाठ आहे ते कुणी विकू शकत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी आणायचं. औषधांचं म्हणशील तर या घरात कुणाचं काय दुखतं आणि त्यावर काय द्यायचं, याचं पुस्तक मीच लिहून देईन. आणि काटकसर! मला काटकसर शिकवायला तू अठरा खर्च केलेस? दुकानदाराला हसू कसं आलं नाही?

पोस्टकार्डावर मी तुला चार ओळी खरडल्या होत्या, त्यातून तुझ्या लक्षात सगळं आलेलं दिसत नाही. आता नीट ऐक. तुझ्या बायकोच्या ऑपरेशनसाठी मी तुझ्याकडे तीन आठवडे होते. तेवढ्यात इकडे तुझ्या भावोजींनी मागच्या खोलीची ओली भिंत दुरुस्त करायला काढली. भिंतीला लागून माझी फळी. फळीवर माझी एकशे अठरा पुस्तकं. मी घरी आले तर भिंत कोरी, फळी कोरी, आणि हे दारात उभे, बक्षीस मिळणार असल्यासारखे. म्हणाले, तुझ्या तीस वर्षांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या होत्या, रद्दीवाल्याला घातल्या, चौसष्ट किलो भरल्या, जागा झाली की नाही?

चौसष्ट किलो. माझं सगळं वाचन किती वजनाचं ते मला या वयात समजलं.

यांना त्या वह्या वाटल्या, त्यात माझाही हात आहे, नाकारत नाही. सासूबाईंना गोष्टी-कादंबऱ्या वाचणारी सून म्हणजे आळशी सून वाटायची. हिशेबाची वही घेऊन बसलेली सून मात्र त्यांना फार आवडायची. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाला वाण्याच्या पिशवीचा तपकिरी कागद इस्त्री करून घालत असे, हिशेबाच्या वह्यांना घालते तसाच. वर नाव नाही, फक्त निळ्या शाईत नंबर. दुपारी तासभर एक ते एकशे अठरांपैकी कुठलंही उघडून बसायची, आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की आमची सून मॅट्रिक झालेली आहे, पैन् पै तपासते. हेही तेच सांगायचे. पाणीखात्यात बत्तीस वर्षं मीटर वाचले त्यांनी, त्यापलीकडे काही वाचायची यांना गरज पडली नाही.

गंमत अशी की खऱ्या हिशेबाच्या वह्या स्वयंपाकघराच्या कपाटात सुखरूप आहेत. तीस वर्षांत या घराला साबण किती लागला ते मी आजही सांगू शकते.

तुझी तीन पुस्तकं मी शेजारच्या शिलाईवाल्या बाईंकडे, त्यांच्या मशीनच्या मेजाखाली ठेवली आहेत. या घरात मी पुन्हा पुस्तक ठेवणार नाही. देवापुढे बसून सांगितलंय. शपथ घेतली नाही, रागातली शपथ त्याला आवडत नसावी, पण सांगितलंय. तेव्हा पुढे काही पाठवू नकोस.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे, तो फळीवर ठेवला नव्हता.

अक्का


ता. १४ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मोठ्याने वाचून दाखवलं, तर रुग्ण एवढी हसली की टाक्यांना हात लावून बसली. म्हणाली, पार्सल बांधताना मी सांगत होते, अक्कांना काटकसरीचं नको, पण तुम्हाला ते स्वस्त वाटलं. तेव्हा गुन्हा कबूल.

खरं सांगू? दुकानात उभा राहिलो आणि मला सुचेना. तू माझ्याकडून पंधरा-वीस पुस्तकं मागवली असशील, बाकी शंभर कुठून, कशी जमवलीस, त्यांत काय होतं, मला पत्ता नाही. मी पुस्तकं शिवणारा माणूस. सकाळपासून गोंदाचं भांडं आणि दाबयंत्र. लोक फाटकं पुस्तक घेऊन येतात आणि विचारतात, नवं घेण्यापेक्षा स्वस्त पडेल का? मी म्हणतो, नाही पडणार. तरी बांधून घेतात. त्यांना तेच हवं असतं. आणि माझ्या बहिणीला कोणतं हवं ते मी ओळखू शकलो नाही, याची मला लाज वाटली. घरातली देवभोळी बहीण म्हणून तीन उचलली आणि दोरी बांधली.

तू इथे माझ्या बायकोच्या उशाशी बसली होतीस म्हणून तिकडे फळी रिकामी झाली. हे मी विसरणार नाही, आणि तूही मला विसरू देणार नाहीस.

आता एक कर. पाच नंबर लिहून पाठव. पाचच. आधी कोणतं, मग कोणतं. घरात ठेवणार नसशील तर शिलाईवाल्या बाईंकडे ठेव, पण वाच. तू वाचणं सोडलंस तर भावोजींचं काय बिघडेल? बिघडेल ते तुझं. आणि त्यांच्यावर फार रागावू नकोस गं. माणूस साधा आहे.

बाकी क्षेम. तुझ्या शिव्याही पोहोचत राहोत.

तुझा धाकटा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

भावजयीच्या टाक्यांची काळजी घे. तिला हसवू नकोस आणि जड उचलू देऊ नकोस, दाबयंत्राचं चाक तर मुळीच नाही.

माणूस साधा आहे, असं लिहिलंस. आहेच. साध्या माणसाने घर आवरायला काढलं की मागे काय उरतं ते मी बघितलंय. साधेपणाचं कौतुक करायला मला आणखी थोडे दिवस दे.

पाच विचारलीस. पुस्तकं या घरात येणार नाहीत ते नाहीतच, पण विचारलंस म्हणून सांगते. तीन दिवस भांडी घासताना माझ्या डोक्यात हेच चाललंय, आणि रोज पहिलं पुस्तक वेगळं निघतं. त्याचाही संताप येतो. काल देवापुढे बसले तर एका बाजूला स्तोत्र आणि दुसऱ्या बाजूला नंबर मोजणं चाललेलं. देवाला नमस्कार केला आणि म्हटलं, आज राहू दे, उद्या बोलू.

तर पहिलं एकशे अठरा नंबरचं. 'सातव्या मजल्यावरची शिंपीण'. ते माझं नव्हतंच. शिलाईवाल्या बाईंचं. त्यांच्या नवऱ्याने लग्न ठरल्यावर दिलेलं. तो माणूस आता नाही. मळू नये म्हणून मी कव्हर घातलं आणि सवयीने नंबरही टाकला. तेच गेलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या शिवत होत्या. मशीन थांबवलं, दोरा तोडला, आणि म्हणाल्या, असू दे. पुन्हा शिवायला लागल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. उलट तुझं पार्सल ठेवायला जागा दिली. मला त्यांच्या दारासमोरून जाताना पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. दुसऱ्याचं आधी परत करायचं, मग स्वतःचं, एवढं मला कळतं.

दुसरं एकशे चौदा, 'दोन चाव्यांची पेटी'. मी नवं पुस्तक पुरवून वाचते, दिवसाला दहा पानं, ते तुला ठाऊक आहे. तुझ्याकडे यायला निघाले तेव्हा चाळीस पानं राहिली होती. पिशवीत टाकलं असतं, पण म्हटलं राहू दे, परत आल्यावर चार दिवस पुरतील. पेटीत काय आहे ते मला अजून माहीत नाही. तुझ्या हातून ते कधी शिवलं गेलं असेल आणि तुला माहीत असेल, तर खबरदार मला सांगितलंस तर.

तिसरं एकतीस नंबर. हे ऐकून तू हसशील. ते मला अजिबात आवडत नसे. कुणा विद्वानाने बायकांचा स्वभाव या विषयावर साडेतीनशे पानं लिहिली आहेत. अकरा पानांवर मी समासात 'खोटं' असं लिहिलं होतं आणि एका पानावर 'साफ खोटं'. ते मला परत हवंय. माझं त्याच्याशी भांडण अर्धं राहिलंय, आणि दुसऱ्या कुणाशी एवढं मोकळं भांडता येत नाही.

चौथं सात नंबर म्हणणार होते. लेकीला एकोणीस दिवस ताप होता तेव्हा तिच्या उशाशी बसून ते मी तीनदा वाचलं. औषधाची बाटली सांडून त्याची शेवटची पानं चिकटली होती, ती मी वाफेवर सोडवली होती. पण ते आणू नकोस. कोरं करकरीत येईल, छान दिसेल, आणि मला ओळखणार नाही. काही पुस्तकं गेली ती गेली.

पाचवं सांगत नाही. एकाला हाक मारली की बाकीची माझ्याकडे बघतात.

घरात काय चाललंय म्हणशील तर काही नाही. मी बोलत नाही. फडताळावर चिठ्ठी ठेवते: दूध आणा, गाळणी फुटली, लेकीचं पत्र आलंय. हे वाचतात आणि आणतात. परवा चिठ्ठीच्या मागे 'बरं' असं लिहून ठेवलं होतं. मी ती फाडून टाकली.

एक मात्र लिहिते, तुलाच लिहिते. यांना माहीत नव्हतं, या एका खुंटीवर सध्या माझा संसार टांगलेला आहे. रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगते, अगं, त्यांना वह्याच वाटल्या. मग चहा करते. माहीत असून रद्दीत घातली असती तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, आणि विचार करायचीही भीती वाटते.

भावजयीस आशीर्वाद. तुझ्यावर माझा विश्वास आहे म्हणून एवढं लिहिलं.

अक्का


ता. २३ जानेवारी

रा. रा. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

हे पत्र टपालकचेरीतल्या उंच मेजाशी उभा राहून लिहितोय, अक्षर गोड मानून घ्यावं. घरी लिहिण्याची सोय नाही. घरी सध्या मला बोलण्याचीही सोय नाही, हे तुम्हाला कळलेलंच असणार.

परवा तुमची अक्का शिलाईवाल्या बाईंकडे गेली होती. आमची भिंत एकच. ती त्यांना सांगत होती, यांना माहीत नव्हतं म्हणून मी गप्प आहे. कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय मला कुणी नाही.

फळीवरून काढताना मला त्या वह्याच वाटल्या, हे देवाशपथ खरं. सहा गठ्ठे बांधले. रद्दीवाल्याने दारात तराजू टांगला. दोन गठ्ठे मोजून झाले. तिसऱ्याची दोरी सुटली, एकाचं कव्हर फाटलं. त्याने ते उचललं, चाळलं, आणि मला म्हणाला, काका, या वह्या नाहीत, ही छापील पुस्तकं आहेत. नक्की विकायची आहेत ना? समोरच्या घरचे दोघे ओट्यावर उभे होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माहीत आहे मला, माझ्याच घरातली आहेत, तू वजन कर.

मेहुणेबुवा, मी बत्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरलो. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा न्हाणीमागे, कुणाच्या दारामागे काय टांगलेलं असतं, मला सगळं पाठ. आणि माझ्या स्वतःच्या घरात काय आहे ते मला रद्दीवाल्याने सांगावं, हे मला सहन झालं नाही. 'थांब, बघू दे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते म्हणवले नाहीत. तो उरलेले गठ्ठे मोजत होता तेवढा वेळ मी तिथे उभा होतो. पुष्कळ वेळ होता.

रात्र काढली आणि सकाळी त्याच्या वखारीत गेलो. माल पहाटेच कागदगिरणीला गेला होता. गिरणीपर्यंत गेलो. तिथल्या मुकादमाने मला हौद दाखवला. त्यात नुसता राखाडी लगदा फिरत होता. परत आलो. मग ती घरी आली आणि मी दारात उभा राहून बढाई मारली, कारण काय बोलावं ते मला सुचलं नाही.

तुम्हाला तिने कोणती पुस्तकं हवीत ते लिहिलं असेल तर मला कळवा, मी पैसे पाठवतो. तिला मात्र यातलं काही सांगू नये ही हात जोडून विनंती. तिचा स्वभाव तुम्ही जाणता.

कळावे, कृपा असावी असं लिहायचं धाडस होत नाही.

तुमचा भावोजी


ता. २७ जानेवारी

ती. भावोजींस,
नमस्कार. एरवीचे दोनचार शब्द आज हातून उतरत नाहीत.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची दया आली, हे आधी लिहितो, कारण पुढे फारशी दिसणार नाही.

तुम्हाला दोनदा संधी होती. एकदा तराजूपाशी आणि एकदा ती दारात आली तेव्हा. दोन्ही वेळा तुम्ही स्वतःची अब्रू वाचवलीत आणि तिची पुस्तकं बुडवलीत. आता मला सांगता, गप्प बस. म्हणजे तिसऱ्या वेळी मी तुमच्या वतीने खोटं बोलायचं. जमणार नाही. तिने माझ्यावर विश्वास टाकून मला एक गोष्ट लिहिली आहे, ती मी तुम्हाला सांगणार नाही, पण तिच्यामुळे मला रात्रभर डोळा लागला नाही. पैसेही पाठवू नका. यात पैशाचा प्रश्न नाही, असता तर सोपा होता.

तुम्ही तिला सांगा. तोंडाने जमत नसेल तर कसंही सांगा. आठ दिवस थांबतो. त्यानंतर मी लिहीन, आणि माझ्या पत्रातून तिला कळलं तर तुमच्याकडे बोलायला काही शिल्लक राहणार नाही.

तिला पहिल्यांदा हवं आहे ते 'सातव्या मजल्यावरची शिंपीण'. शिलाईवाल्या बाईंचं होतं ते. नवं कुठे मिळत नाही, छापणं बंद होऊन जमाना झाला. इथे बसथांब्यामागे जुन्या पुस्तकांची सात दुकानं आहेत, तिथे कदाचित. मी अजून शोधायला गेलेलो नाही. आधी तुमचं होऊ द्या.

तुमचा मेहुणा


ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. 'अनेक' मुद्दाम गाळलंय.

गेल्या गुरुवारी टपालवाल्याने एक पाकीट हातात दिलं. पत्ता आमच्याच घराचा, अक्षर यांचं, वर रीतसर तिकीट. एका छपराखाली राहून टपालखर्च! मी पाकीट उलटंसुलटं केलं आणि आत बघितलं, तर हे आतल्या खोलीत कपाटाला टेकून उभे. पत्रात सगळं होतं. तराजू, फाटलेलं कव्हर, समोरचे दोघे, आणि 'माहीत आहे मला'. गिरणीतला हौदही होता. आणि शेवटी होतं की तुझा भाऊ हे जाणतो.

तू जाणत होतास. आठवडाभर. त्या आठवड्यात मी रोज उठून स्वतःची समजूत घालत होते, हे तुला माहीत होतं, कारण मीच लिहिलं होतं. यांनी स्वतः सांगावं म्हणून तू थांबलास, असं म्हणशील. बरोबरही असेल. पण माझी समजूत खोटी आहे हे घरातल्या दोन्ही पुरुषांना ठाऊक आणि मला एकटीला नाही, याचा राग मी कुठे ठेवू? फळी तर रिकामीच आहे, तिथे ठेवते.

त्या दिवशी चूल पेटवली नाही. बोलले मात्र. पाच आठवड्यांचं साठलेलं एकदम. आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं असेल, ऐकू दे, विकतानाही त्यांनी बघितलंच होतं. मी यांना म्हटलं, विकलीत त्याचं मला एवढं नाही. एक परका माणूस तराजू धरून तुम्हाला विचारतो, नक्की विकायची ना? तीस वर्षांत माझ्या पुस्तकांबद्दल या घरात कुणी एक प्रश्न विचारला तो रद्दीवाल्याने, आणि त्याचंही उत्तर तुम्ही खोटं दिलंत. हे म्हणाले, तू कधी सांगितलं नाहीस. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाहीत. दोन्ही खरं होतं.

धाकट्या, यांच्यावर ओरडून झालं, तुझ्यावर या पत्रात ओरडतेय. राहिले मी. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मला कव्हर काढायला कुणी अडवलं होतं? कुणी नाही. मी आपली पिशव्या इस्त्री करत बसले आणि नंबर टाकत बसले. एकशे अठरांतली निदान चाळीस त्या गेल्यावर घेतलेली. नावं दिसली असती तर यांनाही दिसली असती. हा राग कुणाला लिहिणार? देवाला सांगितला. तो ऐकून घेतो, पण उत्तर सावकाश देतो.

मग मी देवाला आधी सांगितलेलं परत घेतलं. या घरात पुस्तक ठेवणार नाही म्हणणं म्हणजे घर यांचं एकट्याचं आहे असं म्हणणं झालं. ते मी कशाला कबूल करू? शनिवारी शिलाईवाल्या बाईंकडून तुझी तीन पुस्तकं उचलली, हातात धरून रस्त्याने आणली, पिशवीत घातली नाहीत. बाहेरच्या खोलीत, जिथे यांचं निवृत्तीचं मानपत्र होतं, तिथे ती उभी केली आहेत, कव्हरांशिवाय, नावं बाहेर. मानपत्र मागच्या खोलीत, कोरड्या भिंतीवर. काटकसरीचंही ठेवलंय. यांना वाचायला.

आता पहिलं कोणतं, हा प्रश्न संपला. पहिलं 'शिंपीण'. शिलाईवाल्या बाईंचं ऋण फिटल्याशिवाय मी 'पेटी' उघडणार नाही, चाळीस पानं थांबतील. आणि ते मी आणणार नाही, तूही नाही. हे आणतील. कसं आणायचं तेही मी सांगितलंय. प्रत्येक दुकानात उभं राहून आधी म्हणायचं: मी माझ्या बायकोची पुस्तकं माहीत असून रद्दीत घातली, त्यात शेजारणीचं एक होतं, ते तुमच्याकडे आहे का? हे वाक्य पूर्ण म्हणायचं. पुस्तक मिळालं तर आणायचं, नाही मिळालं तर पुढच्या दुकानात.

सोमवारी इथल्या चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. मी पायरीवर उभी राहिले. हे आत गेले आणि म्हणाले, आमच्याकडची काही पुस्तकं हरवली आहेत. मी आत गेले आणि म्हटलं, हरवली नाहीत. दुकानदार एकदा यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, विकली, चुकून. मी तिथून हलले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पूर्ण म्हटलं. कान लाल झाले होते. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला, यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग शिडी लावून वरची दोन्ही फडताळं शोधली. मिळालं नाही. पण परत येताना यांनी मला विचारलं, त्या शिंपिणीच्या गोष्टीत असतं काय? वाटेत मी सांगितलं नाही. घरी आल्यावरही सांगितलं नाही. मिळालं की वाचा म्हटलं, देण्याआधी चार दिवस घरात राहील.

येत्या गुरुवारच्या बसने हे तुझ्या गावी येत आहेत. बसथांब्यामागची सातही दुकानं करायची आहेत. जेवायला घाल, झोपायला जागा दे, त्यांच्याशी नीट बोल, तुझे भावोजी आहेत. पण आधी जाऊन पुस्तक शोधून ठेवू नकोस, दुकानदारांना डोळा मारू नकोस, आणि यांच्या वतीने एक शब्द बोलू नकोस. बरोबर मात्र जा. मी तिथे पायरीवर नसेन, म्हणून तू उभा राहा.

माझा राग अजून आहे. जाईल तेव्हा तुला वेगळं पत्र लिहीन, घाई करू नकोस. भावजयीस अनेक आशीर्वाद, तुझ्या वाट्याचेही तिला दे.

पुस्तक मिळालं की नाही ते यांच्याकडून मला कळेलच. तू एवढंच कळव: सातही दुकानांत यांनी 'माहीत असून' हे शब्द म्हटले का? उलट टपाली.

अक्का